एकाच दुकानातील दोन गज

व्यापारात लबाडीचे प्रकार पुष्कळ आहेत. परंतु घेण्याचा गज एक आणि देण्याचा गज दुसरा ठेवणे, ही लबाडी सर्वांत हलकी समजली जाते. १९५६ साली वजनामापांचा कायदा होऊन पुढे वार गेला व मीटर आला, तरी मापावर सरकारी छाप असावी लागते ही गोष्ट कायम आहे. आमच्या बाजारपेठांतील कापडाचे व्यापारी या बाबतीत बहुतेक सचोटीने वागतात, हे आम्ही आनंदाने नमूद करितो. ज्याच्या दुकानी दोन माप सापडले त्याच्या पायरीवर गिऱ्हाईक पुन्हा चढत नाही. परंतु कापड मोजताना जो नियम आपण इतका कडक पाळतो, तो ते कापड अंगावर घालणाऱ्या माणसाची योग्यता मोजताना मात्र पार विसरतो. तेथे पुरुषास एक गज व स्त्रीस दुसरा; आणि ते दोन्ही उघडउघड भिंतीवर टांगलेले असतात. आज त्या दोन गजांविषयी वाचकांशी चार शब्द बोलण्याचा आमचा विचार आहे.

गेल्या दिवाळीच्या खरेदीच्या दिवसांत आम्ही एका परिचित व्यापाऱ्याच्या पेढीवर बसलो होतो. एक गृहस्थ पत्नी, मुलगा व मुलगी यांस घेऊन आले. मुलाने गुडघ्यावर मुद्दाम फाडलेली विजार पसंत केली. वडील हसले, "हल्ली असलेच फाटके महाग मिळते" म्हणाले आणि पैसे देऊन मोकळे झाले. मुलीने तसलीच, पण न फाटलेली, धडधाकट विजार मागितली. लागलीच वडिलांची मुद्रा बदलली. आत्याबाई काय म्हणतील, सोयरिकीच्या गोष्टी चालल्या आहेत, कॉलेजात लोक बघतात, अशी एकामागून एक कारणे निघाली. आईने मान खाली घातली. आमच्या व्यापारी स्नेह्यानेही गृहस्थांची री ओढिली आणि "मुलीच्या जातीला आपला ड्रेसच शोभतो" असे म्हणून ओढणीसह एक जोड पुढे टाकला. मुलगी काही बोलली नाही. जोड बांधला गेला.

आमची दृष्टी सहज त्या स्नेह्यांच्या डोक्यावरच्या भिंतीकडे गेली. तेथे हार घातलेल्या दोन तसबिरी आहेत. पहिली आजोबांची, डोक्यास पागोटे, अंगात अंगरखा, खांद्यावर उपरणे. दुसरी वडिलांची, काळी टोपी, बंद गळ्याचा कोट आणि खाली धोतर. दोघांच्या खाली बसलेले आमचे स्नेही बोडक्या डोक्याने, अंगात आखूड बाह्यांचा टी-शर्ट व खाली विलायती विजार. तीन पिढ्यांत पोशाख दोनदा मुळापासून बदलला. गादी तीच, देव्हारा तोच, पेढीची अब्रूही तीच. आजोबांच्या पागोट्याबरोबर घराण्याचा धर्म बुडाला असे या पेढीवर कोणी कधी म्हटलेले नाही. आजीची तसबीर तेथे नाही.

पुरुषांचा पोशाख कसा बदलला हा इतिहास फार जुना नाही. सरकारी कचेरी आली, आगगाडी आली, गिरणी आली. धोतराच्या सोग्याची अडचण होऊ लागली व पाटलोण आली. जोड्याच्या जागी बूट आला. बोडक्या डोक्याने बाहेर पडणे हे एके काळी सुतकाचे लक्षण होते. आज पागोटे फक्त लग्नात दिसते, आणि तेही तयार बांधलेले, भाड्याने आणलेले. म्हातारी माणसे थोडी कुरकुरली, कोणी थट्टा केली, आणि प्रकरण तेथेच मिटले. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा घेतला म्हणून केवढे ग्रामण्य माजले आणि प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट कशी गेली, हे सर्वश्रुत आहे. चहाच्या पेल्यास जो धर्म इतका भ्याला, त्याने बुटाला व पाटलोणीला बिनतक्रार वाट दिली. पुरुषाला जे सोयीचे ते काळाला अनुसरून, असा हा पहिला गज.

आता दुसरा पाहा. त्याच काळात, त्याच शहरांत, एखाद्या सुशिक्षित बाईने पायात जोडा घातला व हातात छत्री घेतली की रस्त्यात तिची टवाळी होई. ऊन बाईच्या डोक्याला लागत नाही आणि काटा तिच्या पायाला बोचत नाही, अशी समजूत असावी! वडील माणसांसमोर पायात जोडा म्हणजे बेअदबी. आणि वडील माणसे तर घरादारांत, रस्त्यांत सर्वत्र, तेव्हा जोडा घालावयाचा कोठे? चोळीऐवजी पुढे गुंड्यांचे जाकीट घालावयाचे तर त्याचा केवढा वाद! आज हा शब्द ऐकून वाचकांस हसू येईल. परंतु आगरकरांसारख्या तर्ककठोर विचारवंतास 'स्त्रियांनी जाकिटे घातलीच पाहिजेत' या मथळ्याचा निबंध लिहावा लागला, यावरून त्या वेळची परिस्थिती ध्यानात येईल. पुरुषांनी कोट घातलेच पाहिजेत असा निबंध कोणास लिहावा लागला नाही. त्याच सुमारास आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकण्यास अमेरिकेस निघाल्या. त्यापूर्वी १८८३ साली श्रीरामपूर येथे भरसभेत त्यांनी आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ असे सांगितले. अठरा वर्षांच्या मुलीने डॉक्टर होण्यास निघावे हे धाडस थोडे झाले म्हणून की काय, आपल्या आचाराची हमीही तिनेच द्यावयाची! विलायतेस जाऊन बॅरिस्टर होणारे तरुण बोटीवर चढताच कोट-पाटलोणीत शिरत. त्यांना समुद्र ओलांडल्याबद्दल जाब विचारणारे पुष्कळ निघाले, पण विजारीबद्दल विचारणारे फारसे निघाले नाहीत.

येथे एक आक्षेप निघेल, आणि तो आम्ही टाळू इच्छीत नाही. कोणी म्हणेल की, पुरुष बाहेर वावरतो, त्याला जगाबरोबर बदलावे लागते. संस्कृतीचे रक्षण निदान स्त्रियांकडून तरी होऊ द्या. हे म्हणणे ऐकावयास गोड आहे. पण ज्या वेषास संस्कृती म्हणतात तो तरी किती जुना? सहावारी साडी, खाली परकर आणि वर शिवलेले पोलके, हा वेष पुराणकाळापासून चालत आला आहे असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः ज्ञानदानंदिनी देवी ठाकूर या १८६० नंतरच्या दशकात मुंबईस आल्या, येथील पारशी स्त्रियांची साडी नेसण्याची रीत त्यांनी उचलली व फेरफार करून बंगाल्यात नेली. तेथून आणि अशाच इतर मार्गांनी आजचे नेसणे देशभर पसरले. आमच्याकडे गोल पातळ आले तेव्हा कासोटा सुटला म्हणून नाके मुरडली गेली. तेच गोल पातळ आज संस्कृतीच्या सिंहासनावर बसले आहे. त्यानंतर पंजाबी पोशाख आला. कित्येक शाळांत शिक्षिकांस तो घालण्याची परवानगी मिळविण्यास वर्षे लागली. आता तोही सोवळ्यात आला आहे आणि विजार दाराबाहेर उभी आहे. म्हणजे आजची संस्कृती ही कालची फॅशन, आणि आजची फॅशन ही उद्याची संस्कृती. मध्ये जी बाई सापडते तिची तेवढी शोभा होते. शिवाय ज्या नऊवारीचे आपण गोडवे गातो तिच्या कासोट्यातून पोटऱ्या दिसत आणि तिने आमच्या आज्या शेतात राबल्या, विहिरीत उतरल्या. त्यांच्या पोटऱ्यांनी कोणाचे शील ढळल्याचे ऐकिवात नाही.

बाहेर वावरण्याचा जो मुद्दा, तो तर आता उरलेलाच नाही. बाई कारखान्यात आहे, रेल्वेत आहे, पोलिसात आहे, दुचाकीवर आहे. मोटारसायकलीच्या मागच्या चाकाची निम्मी बाजू तरी झाकणारी जाळी असावी, असा १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत एक नियम आहे. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत हा त्याचा हेतू. नियम चांगला आहे, त्याने प्राण वाचतात. पण वाचकांनी क्षणभर विचार करावा: पुरुषाची आणि यंत्राची अडचण झाली तेव्हा पुरुषाने धोतर सोडिले, बाईची आणि यंत्राची अडचण झाली तेव्हा यंत्राला जाळी बसवावी लागली, कारण पदराला हात लावणे लोखंडाला हात लावण्यापेक्षा कठीण.

दुसरा आक्षेप अधिक नेटाचा आहे. जुने-नवे असो, अंग झाकलेले असावे एवढेच आमचे मागणे, असे म्हणणारे सद्गृहस्थ पुष्कळ आहेत, आणि त्यांचा हेतू वाईट असतो असे आम्ही म्हणत नाही. परंतु प्रश्न खरोखर अंग झाकण्याचा असता तर त्रावणकोरात जे घडले ते घडते ना. त्या संस्थानात नाडार आदी जातींच्या स्त्रियांनी वरिष्ठ जातींसमोर छाती उघडी ठेवावी असा दंडक होता. अंग झाकणे हाच तेथे उद्धटपणा! त्या जातींच्या पुरुषांवरही असे निर्बंध होते. पण लाथाळी झाली ती बायकांच्या वस्त्रावरून. ख्रिस्ती झालेल्या स्त्रियांस जाकीट घालण्याची मुभा पूर्वी मिळाली होती, तरी वरिष्ठ जातींच्या धाटणीचे उपवस्त्र घेण्यास १८२९ च्या जाहीरनाम्याने मनाई केली. १८५८ व १८५९ साली दंगे झाले, भरबाजारात स्त्रियांची वस्त्रे फाडली गेली, घरे जाळली गेली. अखेर मद्रासच्या गव्हर्नराने डोळे वटारल्यावर २६ जुलै १८५९ रोजी महाराजांनी सर्व नाडार स्त्रियांस छाती झाकण्याची परवानगी दिली. आणि त्यातही अट अशी की, वरिष्ठ जातींच्या स्त्रिया ज्या रीतीने वस्त्र घेतात त्या रीतीने यांनी घेऊ नये. छाती झाकावी, पण आमच्यासारखी नव्हे!

ही गोष्ट जुनी व परमुलखातील म्हणून कोणी सोडून देईल, तर अलीकडची आणि सुधारलेल्या म्हणविणाऱ्या युरोपातील गोष्ट सांगतो. २०२१ च्या जुलै महिन्यात बल्गेरियातील वार्णा येथे वाळूवरील हँडबॉलच्या युरोपीय स्पर्धा झाल्या. पुरुष खेळाडूंस सैल अर्धी विजार. स्त्रियांस मात्र नियमाने आखूड बिकिनीच घालावयाची. नॉर्वेच्या मुली तोकडी का होईना, विजार घालून मैदानात उतरल्या, तर त्यांच्या संघास दीड हजार युरो दंड झाला. अधिक कापड घातल्याबद्दल दंड! पुढे जगभर गवगवा झाल्यावर त्याच वर्षी नियम बदलावा लागला. इराणचे उदाहरण तर याहून बोलके आहे. तेथे १९३६ साली राजाज्ञेने स्त्रियांचा बुरखा सक्तीने उतरविण्यात आला. पोलिसांनी रस्त्यात डोईवरचे वस्त्र ओढावे असा प्रकार झाला. १९७९ च्या राज्यक्रांतीनंतर त्याच देशात तेच वस्त्र सक्तीने डोईवर चढविण्यात आले. आणि १६ सप्टेंबर २०२२ रोजी महसा अमिनी ही बावीस वर्षांची मुलगी, डोके नीट झाकले नाही म्हणून पकडली गेली असता, मरण पावली. आजीचे वस्त्र ओढणारा शिपाई आणि नातीला पकडणारा शिपाई यांत काय फरक? त्रावणकोरात कमी हवे, वार्णात कमी हवे, तेहरानात एकदा कमी व एकदा जास्त हवे. कापडाची लांबी प्रत्येक ठिकाणी निराळी. ती ठरविण्यात बाईचे मत न विचारणे एवढे मात्र सगळीकडे सारखे.

आमच्या मराठी मुलखात या विषयाची एक गंमत आहे. बालगंधर्व रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत तेव्हा त्यांचे नेसणे, त्यांचा अंबाडा, त्यांचे दागिने यांचे अनुकरण मोठमोठ्या घरांतील स्त्रिया करीत. त्यांच्या कलेविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु बाईने साडी कशी नेसावी हे शिकविणारा पुरुष गंधर्व ठरला, आणि त्याच रंगभूमीवर तीच साडी नेसून उभी राहू पाहणारी कुलीन स्त्री मात्र बिघडलेली ठरत होती. हे झाले गौरवाचे. आता अवमानाचे पाहा. एखाद्या अधिकाऱ्याने काम केले नाही, एखादा पुढारी कच खाऊ लागला, की मोर्चेवाले त्याला साडी-चोळीचा व बांगड्यांचा आहेर करितात. आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी असे आहेर पाहिले असतील, एखाद्याने दुकानातून पुरविलेही असतील. जी बांगडी घरी सौभाग्याचे लेणे, तीच कचेरीच्या दारात शिवी. बाईने पुरुषाचा वेष घेतला तर ती मर्यादा ओलांडते; पुरुषावर बाईचा वेष घातला तर तो खाली उतरतो. ज्या वस्त्रास आपण इतके पवित्र म्हणतो ते मनातून आपल्यास काय वाटते, हे त्या आहेराने सांगून टाकिले आहे.

एवढ्यावर भागते तर आम्ही हा लेख लिहिण्याचे श्रम घेतले नसते. परंतु हा दुसरा गज घरातून निघतो तो न्यायमंदिराच्या पायरीपर्यंत जाऊन पोहोचतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये केरळातील कोझिकोडच्या सत्र न्यायालयाने विनयभंगाच्या एका फिर्यादीत आरोपीस अटकपूर्व जामीन देताना, फिर्यादी स्त्रीची वस्त्रे उद्दीपक होती असा शेरा मारिला. तक्रार त्याच्या हाताची. तपासणी हिच्या झग्याची! त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केरळच्या उच्च न्यायालयाने जामीन कायम ठेविला, पण तो शेरा काढून टाकिला आणि वस्त्र कसेही असले तरी तो अत्याचाराचा परवाना होत नाही असे स्पष्ट केले. आमच्याकडेही २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, तोकड्या झग्यांत नाचणे हे केवळ तेवढ्यावरून अश्लील ठरत नाही, असा निर्णय दिला. वरिष्ठ न्यायालये सावध आहेत ही समाधानाची गोष्ट होय. परंतु किती फिर्यादी तेथवर पोहोचतात? ज्या मुलीस घरी, शाळेत, चाळीच्या जिन्यात "तू काय घातले होतेस?" हा पहिला प्रश्न पडतो, ती ठाण्याची पायरीच चढत नाही. चोरी झालेल्या दुकानदारास, माल दर्शनी का मांडला होता असे विचारून कोणी परत पाठविले तर आमचे व्यापारी बंधू ते सहन करितील काय? दुकानात माल विकावयास मांडलेला असतो, आणि बाई रस्त्यातून चालते ती विकावयास नव्हे. तरी दुकानदाराची फिर्याद लिहून घेतली जाते आणि बाईला उपदेश मिळतो.

पोशाखाचे कोणतेच नियम नसावेत असे आमचे म्हणणे नाही. यंत्रावर काम करणाराने सैल वस्त्र घालू नये, वकिलाने झगा घालावा, शिक्षकाने वर्गात नीटनेटके जावे, हे सर्व आम्हांस मान्य आहे. आमचे म्हणणे एवढेच की, नियम करणारांनी एकच गज वापरावा. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने शिक्षकांच्या वेषासंबंधी सूचना काढल्या. त्यांत पुरुषांनी शर्ट व पँट घालावी, शर्ट आत खोवावा. स्त्रियांनी साडी किंवा सलवार अथवा चुडीदार, कुर्ता व दुपट्टा असा वेष करावा, असे सांगितले आहे. एकाच शाळेत, एकाच फळ्यासमोर, गुरुजींचा विलायती वेष हा नीटनेटकेपणा आणि बाईंनी तोच घातला तर तो नियमाबाहेर. त्यातून दुपट्टा! फळ्यावर लिहिताना तो सावरण्यात जो वेळ जातो तो कोणत्या तासिकेत धरावा?

आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण शाळांच्या मंडळांवर आहेत, देवस्थानांचे विश्वस्त आहेत, गृहसंस्थांचे चिटणीस आहेत. कित्येकांच्या पेढ्यांवर व कारखान्यांत स्त्रिया कामास आहेत. पोशाखाचा कोणताही नियम पुढे मंजुरीस आला की त्यांनी एक लहानशी गोष्ट करावी. त्या कागदावर जेथे जेथे 'महिला' असा शब्द असेल तेथे 'पुरुष' असा शब्द घालून तो मोठ्याने वाचावा. सभा हसू लागली तर तो नियम खोडावा. न हसली तर खुशाल मंजूर करावा. घरात सभा भरत नाही, आणि तेथे सासूबाई, आत्याबाई यांची मते फार जड असतात हे आम्ही जाणतो. ज्यांनी स्वतः तो दुसरा गज जन्मभर सोसला, त्याच तो सुनेवर अधिक कसोशीने चालवितात. तेव्हा घरच्या कर्त्या पुरुषाने, ज्याने स्वतः आजोबांचे पागोटे केव्हाच खुंटीस अडकविले आहे, पहिल्यांदा बोलावे.

त्या दुकानातील मुलीचा जोड चार दिवसांनी परत आला असे आमच्या स्नेह्यांकडून कळले. ओढणीचा रंग गेला म्हणून, असे पावतीवर लिहिले आहे. बदली काय नेले असे आम्ही विचारिले, तेव्हा ते जरा थांबले आणि म्हणाले, "आई एकटीच आली होती. मुलीच्या मापाची विजार घेऊन गेली."